रुखमाबाई भाडेकरीण होते

एक तारीख उजाडली की आर्णीच्या त्या दोन खोल्यांत एक ठरलेला प्रकार चाले. रुखमाबाई भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून पेटीत ठेवी, हातात खराटा घेई आणि मागच्या दाराने अंगणात जाऊन झाडलेलंच पुन्हा झाडत राही. घरमालक भगवानराव भाडं घेऊन गेले की तसबीर परत खिळ्यावर.

"त्याले काहून घाबरतं वं एवढी? वाघ हाय का तो?" सोबत राहणारी तानाबाई चिडे.

"वाघ परवडला, बाई. वाघ जात इचारत नाई."

दोघींची गाठ पडली ती कापसाच्या वाईट वर्षांत. रुखमाबाई राळेगावकडची, सारी हयात वेचणीत गेलेली. पीक बुडायला लागलं तशी शेतवाल्यांनी घरच्या माणसांवरच वेचणी उरकली, आणि ना नवरा ना लेकरू अशा बाईला गावात काही कामच उरलं नाही. ती आर्णीला आली. तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी किडका, पिवळट कवडी कापूस स्वस्तात मिळे. तानाबाई तिथे गाठोडं बांधत होती. ही शेतकऱ्याघरची विधवा, मुलगा अंकुर नागपुरात नोकरीला, आणि हिला गाद्या शिवून स्वतःच्या पैशाने जगायची हौस. गाठोडं काही डोक्यावर चढेना. रुखमाबाईने ते उचललं, घरी आणून टाकलं, कापसातला कचरा निवडायला बसली आणि उठलीच नाही म्हणा ना. तानाबाईने जात विचारली, ऐकली आणि म्हणाली, "बरं. भाकरी थापता येते का?" विषय संपला.

एक निवडायची, एक शिवायची. भाडं निम्मं निम्मं. करारनाम्यावर नाव मात्र एकट्या तानाबाईचं.

मग मोरीतली उचकटलेली फरशी पायाखाली हलली आणि तानाबाईचा खुबा मोडला. अंकुर गाडी घेऊन आला. "आई, चल नागपूरला. ही खोली सोडून दे आता."

खोली सुटली की रुखमाबाई रस्त्यावर. एकट्या, मजुरी करणाऱ्या बौद्ध बाईला आर्णीत दुसरी खोली कोण देणार होतं? ती चुलीपाशी बसून लाकडं सारत राहिली. तानाबाई बाजेवरून गरजली, "चार महिन्यांनी मी वापस येईन. खोली सुटणार नाई. भगवानरावाले बोलवा, वकील बोलवा. हिचं नाव चढवा करारावर."

भगवानराव आले आणि चकितच झाले. "कामवालीचं नाव करारावर?"

"कोण कामवाली?"

"हेच की! अंगणात भेटली तवा हिनंच सांगतलं मले. बाईची कामवाली हाय म्हने, सांजच्याले घरी जातो."

तानाबाईने मान वळवून पाहिलं. रुखमाबाईची नजर जमिनीला. भीतीपोटी माणूस स्वतःच स्वतःला घराबाहेर काढतं, ते असं.

वकिलाने तोडगा काढला. "मग कामाला राहणारी असं लिहू या. हरकत नाही. फक्त बाईंचं राहणं संपलं की यांचंही संपलं. सहभाडेकरू लिहिलं तर गोष्ट वेगळी, बाई इथे नसल्या तरी यांचा हक्क राहतो."

मान हलवली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. रुखमाबाई उठून उभी राहिली.

"मालक, मी झूठ बोलली. मी कामवाली नाई. माहं राहणं इथंच, जेवणं इथंच. अर्धं भाडं माह्या हातचं असते."

"मंग तवाच खरं काहून नाई सांगतलं?"

"बौद्ध बाई राहते असं सांगतलं असतं तं राहू देलं असतं?"

भगवानरावांनी अंकुरकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना.

"नसतं देलं," ते म्हणाले. माणूस सारवासारव करत बसला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. "तवा नसतं देलं."

"अन् आता?" तानाबाईने विचारलं.

"आता काय! इतके सालं राह्यल्या दोघी, भिंत तं काई पडली नाई. लिवा, वकीलसाहेब." मग त्यांनी मालकाचा आवाज काढला. "पन आयका, रुखमाबाई. तानाबाईनं भाडं नाई देलं तं अख्खं तुमच्याकून घीन. तुमच्या दारी यीन मी."

"माह्या दारी?"

"मंग कोनाच्या?"

ती जबाबदारीला घाबरली असं वाटून वकील समजावायला लागला. त्याला काय कळणार! जन्मभर ही बाई दुसऱ्यांच्या दारात उभी राहिली होती, मजुरीसाठी, पाण्यासाठी, उद्याच्या कामासाठी. आता कोणी मागायला येणार होतं ते तिच्या दारी, आणि कायदा म्हणणार होता की दार बरोबर आहे. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"रडतं कायले? सही कर," तानाबाई खेकसली. "मले खुबा दुखून राह्यला."

पुढच्या एक तारखेला भगवानराव आले तेव्हा रुखमाबाई पुढच्या दारात उभी होती. तसबीर खिळ्यावर. तिने बसायला सतरंजी टाकली, चहा दिला, भाडं हातात ठेवलं. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, चहा प्याले आणि उठले.

"थांबा जी. मोरीची फरशी बसवून द्या. बाई तिच्यावरूनच पडली."

"आता सही केली नाई तं हुकूम सुरू!"

"करारात हाय. दुरुस्ती मालकाची."

ते पुटपुटत गेले. पण गवंडी आला. फरशी पक्की बसली तशी रुखमाबाईने बूथवरून नागपूरला फोन लावला.

"चहा पेला का तो?" तानाबाईचा पहिला प्रश्न.

"पेला. कप खाली केला."

"अन् फरशी?"

"नाचलं तरी हालत नाई. या तुमी."

 फोन ठेवून ती तशीच जिनिंगकडे गेली. तिथे तिने या खेपेला कवडी घेतली नाही. चांगला पांढराशुभ्र कापूस निवडून घेतला आणि घरी येऊन तानाबाईची गादी भरायला बसली.