सिदराककडून तफीदाला शांती

अम्म सिदराक यांच्या मिशीला लागलेली साय पहिल्यांदा दिसली ती बिशाय न्हाव्याला, आणि न्हाव्याला दिसली म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला दिसली.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा पाचवा आठवडा चालू होता. पंचावन्न दिवस मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. अम्म सिदराक, म्हणजे आमचे सिदराककाका, एक्याऐंशी वर्षांचे. वयाच्या सातव्या वर्षापासून आपला उपास एकदाही मोडलेला नाही, असं ते सांगतात. कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतात.

"सिदराक, मिशीला साय आहे तुझ्या," वस्तरा हवेत थांबवून बिशाय म्हणाला.

"तहिना आहे ती. तिळाची. नसीमची आई रोज सकाळी शिजवलेल्या गव्हात घालून देते."

बिशाय वाकला. चाखायची सोय नव्हती, कारण उपास त्यालाही होता. त्यानं नुसता वास घेतला.

"तिळाला म्हशीचा वास कधीपासून यायला लागला रे?"

अम्म सिदराक अर्धी दाढी ठेवूनच घरी निघाले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाडग्यातलं पांढरं तेवढं दिसतं. ते पांढरं तिळाचं की म्हशीचं, हे बायकोच्या शब्दावर.

बायको म्हणजे तफीदा, मुलाच्या नावानं नसीमची आई, सत्तावन्न वर्षांच्या संसाराची जोडीदारीण. ती दारात कांदे निवडत होती.

"दूध घातलंस?"

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. मान वर केली नाही. "रोज एक पेला. शेतात तीनदा चक्कर येऊन पडलात. डॉक्टर म्हणाले दूध घ्या, चर्चमधले अबूना म्हणाले माझी परवानगी आहे."

"परवानगी आजाऱ्यांना असते! मी आजारी नाही. मला फक्त चक्कर येते."

"मग पाप माझ्या डोक्यावर. मी तसं अबूनांना सांगून ठेवलंय. तुमच्या डोक्याला कशाला त्रास?"

त्या दिवसापासून नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. म्हणजे दोघंही बोलत होती, पण गाढवाशी. "गाढवा, तुझ्या मालकिणीला सांग, डाळीत मीठ नाही." "गाढवा, तुझ्या मालकाला सांग, मिठाचा डबा त्यांच्या कोपरापाशी आहे." आठ दिवसांत त्या गाढवानं जेवढा संसार ऐकला, तेवढा आमच्या गावातल्या लग्न झालेल्या पुरुषांनीही ऐकला नसेल.

एरवी हे महिनाभर चाललं असतं. पण मंगळवारी मिन्या शहरात अम्म सिदराकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि म्हाताऱ्याची पाचावर धारण बसली होती. डोळ्यात सुरी जाणार म्हणजे त्याआधी रविवारी प्रभुभोजन घ्यायलाच हवं. ते घेतल्याशिवाय मिन्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आणि आमचे अबूना यस्सा याबाबतीत फार कडक. घरात भांडण ठेवून वेदीपाशी यायचं नाही.

"तिला माफी मागायला सांगा, अबूना."

"सांगितलं. ती म्हणते, पुन्हा करीन."

"मग मी काय करू?"

"ते तू बघ. रविवारपर्यंत वेळ आहे."

रविवार उजाडला. आमच्या चर्चमध्ये डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मधे वाट. लग्नाच्या दिवशी डोक्यावर मुकुट घालून दोघं शेजारी बसली, तेवढीच. त्यानंतर सत्तावन्न वर्षं अम्म सिदराक डावीकडे चौथ्या बाकावर, तफीदा उजवीकडे सहाव्या. मी पाचव्यावर, म्हणजे पुढचं सगळं मी अम्म सिदराकांच्या मानेमागून पाहिलं.

एकमेकांना शांती द्या, असं सेवकानं पुकारलं. तेव्हा शेजाऱ्याच्या हाताला हात लावायचा आणि तो ओठांना न्यायचा. बिशायनं हात पुढे केला. अम्म सिदराकांनी तो घट्ट धरला आणि सोडेचनात.

"ही तुला नाही," ते म्हणाले. "पुढे दे. नसीमच्या आईला."

"मी काय पोस्टमन आहे?"

"दे म्हणतो ना! मंगळवारी माझा डोळा आहे."

बिशायनं हात पुढच्याला लावला. "सिदराककडून तफीदाला." पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. शांती बाकाच्या टोकाला गायद शिंप्याकडे पोचली आणि थांबली. पलीकडे वाट, आणि वाटेपलीकडे विधवा इस्तेर. गायदनं इकडे तिकडे पाहून हात लांब केला. इस्तेरनं ओढणीचं टोक मधे धरून तो घेतला, जसा चुलीवरचा तवा घेतात. आणि शांती बायकांच्या बाकांमधून सहाव्या बाकावर गेली.

तिकडून उत्तर आलं, त्याच वाटेनं.

"विचारतेय, दुधाचं काय?"

"सांग, दूध माफ."

दूध माफ, दूध माफ, असं करत ते गेलं. परत आलं ते जरा गरम होऊन आलं. "म्हणतेय, माफी मी मागितलीच कधी?"

आमचा आंधळा गवई मोठा धोरणी माणूस. त्यानं स्तोत्राचं एक अक्षर धरलं ते सोडलंच नाही. तसंही आमच्याकडे एका अक्षरावर पाच मिनिटं सहज काढतात. त्या दिवशी त्यानं कान टवकारून सात काढली. वेदीपाशी अबूना पाठमोरे उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

अखेर अम्म सिदराक उठले. काठी टेकत वाट ओलांडून सरळ बायकांमध्ये शिरले.

"अगं बाई! अम्म सिदराक, इकडे बायका आहेत!"

"मला काही दिसत नाही, घाबरू नका. नसीमची आई कुठाय?"

"मी इस्तेर. माझा हात सोडा."

"इकडे या, इकडे," मागून तफीदा म्हणाली.

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. गवई अजून त्याच अक्षरावर होता, पण आवाज फार हळू केला होता.

"पुन्हा करशील?"

"करीन. तुम्ही उभे राहावेत म्हणून उद्यासुद्धा करीन."

"मग मी माफ कसं करायचं?"

"जसं मी तुमचं घोरणं करते. सत्तावन्न वर्षं झाली. तुम्ही कुठे थांबवलंत?"

बायकांचे सगळे बाक हसले. अम्म सिदराकांची मिशी थरथरली. रागानं असेल असं मला वाटलं होतं, पण रागानं नव्हती.

"मला मंगळवारची भीती वाटते गं," ते म्हणाले.

"माहीत आहे. मी येणारच आहे बरोबर. द्या हात."

त्यांनी हात दिला. तिनं तो ओठांना लावला, त्यांनी तिचा लावला. गवयानं अक्षर सोडलं आणि सगळ्या चर्चनं एकदम श्वास घेतला.

यानंतर म्हाताऱ्यानं पुरुषांच्या बाजूला परत यायचं. ते काही हलेनात. इस्तेर कुजबुजली, सेवकानं खुणा केल्या, बिशायनं इकडून खोकून पाहिलं.

"नाही सोडणार," अम्म सिदराक म्हणाले. "सोडला तर परत एवढ्या लोकांमधून मागवावा लागेल."

मग प्रभुभोजनाच्या वेळी ते बायकांच्या रांगेतच चालले, तिचा हात धरून, विसाव्या की एकविसाव्या नंबरवर. अबूना यस्सांनी वर पाहिलं, एक भुवई उचलली आणि काहीही न बोलता आधी तिला दिलं, मग त्यांना.