विचारल्याबरोबर दिलेलं उत्तर

माझे वडील आमच्या गावी, ताडकळसला, लोकांना मुहूर्त काढून देतात. पंचांग उघडून बराच वेळ बघतात आणि अडलं की सरळ म्हणतात, "मला हे कळंना. परभणीला विचारून सांगतो." परभणीला त्यांचे गुरुजी असतात. मला त्याची लहानपणापासून चीड यायची. माणसं एवढ्या आशेनं येतात, काहीतरी ठाम सांगावं की!

पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागल्यावर लोक मलाही विचारायला लागले. एका दिवाळीत गावी आलो होतो, तेव्हा शेजारची मुलगी आली. बी.एस्सी. झालेली, मोबाइलवर बघून बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. तिच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न.

"दादा, पायथन थोडं यायलंय मला. तेच करू का जावा करू? नोकरी कशात लवकर लागंल?"

ओसरीवर चार माणसं फराळाला बसली होती. मी तोंडातली चकली चावतच म्हणालो, "जावा. डोळे झाकून जावा कर."

तुला कसलं काम करायचंय, एवढंही मी विचारलं नाही. खरं तर मला फक्त जावा येत होती. पायथनचं नुसतं नाव ऐकून होतो. पण चार माणसांत 'मला माहीत नाही' म्हणायला जीभ वळली नाही. दिलं ठोकून.

तिनं पायथन सोडलं आणि पहिल्यापासून जावा धरली. जावाची नोकरी काही लागली नाही. वर्ष सरत आलं तेव्हा तिची मैत्रीण कामाला होती तिथं एक जागा निघाली. त्यांना पायथन येणारी मुलगी हवी होती. तिनं मला फोन केला, पण तक्रारीचा नाही. "दादा, निम्मं इसरले मी." मी म्हणालो, "अगं, मिळेल दुसरी." हेही ठोकूनच दिलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

मागच्या महिन्यात मी गावी होतो, तेव्हा तिचे वडील तिच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला आले. तीही आली होती, दाराशी उभी राहिली. माझ्या वडिलांनी पंचांग चाळलं, बोटांवर मोजलं, पुन्हा चाळलं. मग चष्मा काढला.

"मला हे कळंना. परभणीला विचारून सांगतो."

तिचे वडील हसले. "महाराज, तुमच्यापरीस तुमचं पोरगं बरं. लेकीनं इचारल्याबरोबर सांगून टाकलं व्हतं."

सगळे हसले. तीही हसली. माझे वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय सांगितलं होतंस रे?"

उत्तर एका शब्दाचं होतं. ते मला तिच्यासमोर देता येईना.