मेंदीच्या कुंपणाचा अर्ज

खालापुरात कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहू लागलो, त्याच सुमारास घराभोवती मेंदी लावली. आमची विहीर होळीनंतर तळ दाखवी. बाकीची झाडे माना टाकीत, मेंदी मात्र हिरवीगार राही. कचेरीच्या आवारातील मेंदी पाहून माझा निश्चय झालेला होता, की अर्जनविसाचे कुंपणही कापून दोरीत असावे. दारी येणाऱ्या पक्षकाराच्या मनावर त्याचा परिणाम होतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. तथापि असल्या गोष्टींचे महत्त्व मी जाणून होतो.

पत्नीचे म्हणणे निराळे होते. तिचे माहेर कर्जतकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिकडे मेंदी वाढू देत आणि तिच्या मोहरासारख्या बारीक फुलांचे तुरे ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांत ठेवीत. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या लुगड्यांना तोच वास होता. पुढे तो उडाला. आणि आमच्या मेंदीला कळी धरली, की माझी कात्री चाले.

"अवो, यंदा तरी हात आवरा. माझ्या ट्रंकेला नुसता डांबरगोळ्यांचा वास मारतो."

"तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही," मी कात्री न थांबवता म्हणालो. "रीतसर अर्ज कर."

"मला कुठं लिवता येतंय? तुमीच लिवा. साऱ्या गावाचं लिवता, बायकोचं लिवाया हात दुखतो काय?"

गंमत म्हणून मी कागद घेतला. अर्जदार ती, सामनेवाला मी. पण लंगडा अर्ज लिहिण्याची माझ्या हाताला सवय नाही. "वास बरा असतो," एवढेच ती म्हणाली, मी लिहिले, "सदर अर्जदार माहेरचे सर्व सोडून सामनेवाल्याचे घरी नांदत असून, या सुगंधाखेरीज तिने आजवर काहीही मागितलेले नाही." मग रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवू लागलो. त्या ओळीशी आलो आणि कागद खाली ठेवला. सामनेवाल्याच्या बाजूने मांडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

"मंग, अंगठा कुठं लावू?" तिने विचारले.

"नको. अर्ज मंजूर आहे."

रस्त्याकडची मेंदी मी दोरीतच राखली, दाराकडची सोडली. वैशाखात, पाण्याचा थेंब न मिळता, ती पांढुरकी पिवळसर फुलून आली. पत्नीने तुरे ट्रंकेत भरले आणि मला न विचारता माझा कचेरीचा काळा कोटही त्यांतच घडी करून ठेवला.

तो घालून गेलो, तेव्हा शेजारी बसणारा दस्तलेखक नाक वर करून म्हणाला, "काय रं, आज अत्तर? कुणाच्या लग्नाला निघालास?"

भर उन्हाचे दिवस होते, तरी मी कोटाची वरची बटणेसुद्धा लावून घेतली.