सोन्याला हात लावायचा नाही

पट्टी तिसऱ्यांदा निघाली तेव्हा दुपारचे बाराही वाजले नव्हते. आजी खाटेवर बसल्या होत्या. गॉझ मांडीवर, चिकटपट्टी केसांत अडकलेली, बोटांना रक्त. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माजी कडी कुठं हाय?"

मी पेशंटच्या घरी राहून त्यांना सांभाळते. अंघोळ, औषधं, डायपर, जेवण. गाव हिंगोलीकडे, शाळा आठवीत सुटली. कोर्स केलेला नाही, जे येतं ते बघून शिकले. उत्तनजवळ पालीला या कोळी कुटुंबात, घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलं त्याला दोन वर्षं झाली. आजींना आता फारसं काही आठवत नाही. मुलगा बोटीवर गेला की आठ-दहा दिवस येत नाही. घरात सून, रेखावहिनी. ती मासळी सुकवते आणि विकते.

ब्युरोत पहिल्या दिवशी मॅडमनी एकच नियम तीनदा सांगितला होता. पेशंटच्या सोन्याला हात लावायचा नाही. काढायचं नाही, घालायचं नाही, धुवायलाही घ्यायचं नाही. एकीवर आळ आला की सगळ्यांचं काम जातं.

मी तो नियम पाळला. आजींच्या दोन्ही कानांत सोन्याच्या जाड कड्या होत्या. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरून त्यांनी स्वतः केलेल्या. कड्यांच्या वजनाने पाळीची भोकं लांब ओघळलेली. रोज गाऊन डोक्यातून काढताना मी कडीपाशी कापड हळूच सोडवायचे. एका सकाळी कापड अडकलेलं असतानाच आजी उठायला गेल्या. डाव्या कानाची पाळी भोकापासून खालपर्यंत फाटली.

उत्तनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीन टाके घातले. म्हणाले, "सात दिवस. ओढ बसता कामा नये, ओलं होता कामा नये. शुगर आहे, सावकाश भरेल. अंगणात मासळी असेल तर माशा असणार, उघडं ठेवू नका."

"आणि टाके सुटले तर?" मी विचारलं.

"तर पाळी दोन तुकड्यांत राहील. मग कडी विसरायची."

ती कडी वहिनीने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली.

कानाला पट्टी बांधणं वाटतं तेवढं सोपं नाही. हात-पाय गोल असतात, गुंडाळलं की बसतं. कान बाहेर आलेला, वाकडा, पातळ. नुसता दाबून बांधला तर मागे दुमडतो आणि दुखतो. म्हणून आधी कानाच्या मागे कापसाची गादी ठेवायची. मग जखमेवर गॉझ, म्हणजे जाळीदार कापड. त्यावर रोलर बँडेज, कपाळावरून आणि मानेच्या वरून फिरवायचं, दुसरा कान मोकळा ठेवून. हे मला दवाखान्यातल्या सिस्टरनी दोनदा करून दाखवलं. बाहेर रांग लागली होती तरी दाखवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण आजींच्या केसांना साठ वर्षांचं खोबरेल. चिकटपट्टी धरायची नाही, रोलर घसरायचा. आणि घसरला नाही तर आजी ओढून काढायच्या. मेडिकलवाला दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "फिर से? पट्टी खाती हो क्या?" मी हसले. बाहेर येऊन पायरीवर बसले.

मॅडमचा फोन आला. "मी दुसरी बाई पाठवते. तू निघ तिथून."

"मॅडम, कान माझ्या हातून फाटलाय."

"म्हणूनच सांगते. उद्या कडी सापडली नाही म्हणाले तर?"

वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला. "ती कुठं जाणार न्हाय. आयचं कोण करील, तुम्ही येताय का?" आणि कट केला. मला म्हणाली, "रडत नको बसू. चहा ठेव."

तिने मला एकदाही बोल लावला नाही. त्याने जास्त लागत होतं.

आजी मात्र येईल त्याला सांगत होत्या, "या पोरीनं माजी कडी नेली." शेजारणी माझ्याकडे बघायच्या. मी आत जायचे. चौथ्या दिवशी पट्टी उघडली तर खालचे दोन टाके सुटलेले. पाळीच्या कडा लांब गेलेल्या, मध्ये पिवळं पाणी. डॉक्टर म्हणाले, आता परत टाके धरणार नाहीत, इन्फेक्शन आहे. एक टाका आहे तो सांभाळा.

त्या दुपारी मी नुसती आजींच्या हाताकडे बघत बसले. हात जखमेकडे जात नव्हता. कानाच्या खाली जायचा, जिथे कडी लोंबायची तिथे. तिथे हवाच लागली की मग वर कापडावर जायचा आणि ओढायचा. दुखतं म्हणून त्या पट्टी काढत नव्हत्या. कडी शोधत होत्या.

मी वहिनीच्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून बँडेजवरून फडक्यासारखी बांधली. वहिनीला म्हटलं, "याला कडी शिवून द्याल? डाव्या बाजूला, खाली."

ती अंगणात बोंबील पालटत होती. "कपाटात हाय. तूच घे न् शिव. माजे हात बघ."

"मला नाही चालत, वहिनी. सोनं आहे."

"चार दिवस आय तुला चोर म्हणते. आता हात लावून घे एकदाचा."

मी शिवली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती हातात घेतली. वाटलं होतं त्याहून जड होती. आजींचा हात गेला, कडी लागली, तिथेच थांबला. त्या दिवशी पट्टी संध्याकाळपर्यंत जागेवर होती. दुसऱ्या दिवशीही.

पण उरलेला टाका सहाव्या दिवशी सुटला. जखम भरली, पाळी दोन तुकड्यांत. पुन्हा शिवता येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, या वयात, या शुगरमध्ये नको.

आता मी रोज सकाळी आजींना ते फडकं बांधते. बहुतेक दिवस कडी हाताला लागली की पुरतं. एखाद्या दिवशी बोटं कडीवरून वर सरकतात, पाळीच्या दोन टोकांमधून फिरतात. मग आजी काही विचारत नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजतात. त्या दिवशी जेवत नाहीत.

त्या आठवड्यातच मी त्यांचे सगळे गाऊन पुढून कापले आणि नाड्या लावल्या. आता डोक्यातून काही काढावं लागत नाही आणि उजव्या कानातल्या सोन्याला हातही लावावा लागत नाही. एका गाऊनला दहा मिनिटं लागली. कात्री दोन वर्षं गाऊनच्याच खणात होती.