कर्णा रुळवण्याचे एकवीस दिवस

नव्या वस्तूशी कसं वागावं हे साऱ्या पृथ्वीतलावर फक्त आमच्या आतोबांना कळत होतं. उरलेले आम्ही सगळे नव्या वस्तूंचे हाल करणारे रानटी लोक होतो, आणि हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आमच्या घरात कुणी कोरं धोतर नेसलं तरी आधी दाराकडे एक नजर टाकून घ्यायचा. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सोलापुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. अंगाने काटकुळे, डोक्याला काळी टोपी, आणि कोटाच्या ज्या खिशात इतर लोक टाक लावतात त्या खिशात स्क्रू पिळायचा पेचकस. त्यांनी नव्या वहाणा आणल्या की आधी त्या एरंडेल पिऊन दोन दिवस कोपऱ्यात पडून असायच्या. तिसऱ्या दिवशी आतोबा त्या घालून नुसते बसत. चौथ्या दिवशी उभे राहत. पाचव्या दिवशी माजघरातून ओसरीपर्यंत जाऊन परत येत आणि वहाणांना विश्रांती देत. नवी छत्री पहिल्या दिवशी पाव उघडायची, दुसऱ्या दिवशी अर्धी, असा त्यांचा नेम. एकदा भर पावसात ते नवी कोरी छत्री कोटाखाली धरून चिंब भिजून आमच्याकडे आले. आईने टॉवेल देत विचारलं, तर म्हणाले, "कालच आणलीय हो वहिनी. बिचारीला एकदम एवढं पाणी?"

सायकल घेतली तेव्हा तर त्यांनी कहर केला. पंधरा दिवस ते सायकलीशेजारून चालत होते. बाजारात जाताना सायकल हातात, देवळात जाताना सायकल हातात. शेवटी नाक्यावरच्या पोलिसाला दया आली. "हवा गेली काय मास्तर? पंप देऊ?" त्याने विचारलं. आतोबा थांबून शांतपणे म्हणाले, "हवा आहे. ओळख व्हायची आहे." तो पोलीस त्यानंतर बरेच दिवस आतोबा दिसले की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहत असे.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच घाई केली आणि नेमका तिथेच तो फसला. आतोबांचा धंदा ग्रामोफोन दुरुस्तीचा. पुढे लाउडस्पीकर निघाले तेव्हा त्यांनी मुंबईहून सामान मागवून स्वतःच एक मशीन जुळवलं आणि लाकडी पेटीत बसवलेला मोठा कर्णा आणून लग्नाकार्यात भाड्याने द्यायला सुरुवात केली. सुरुवात केली म्हणजे एका लग्नात दिला. कर्णा त्याच सकाळी खोक्यातल्या गवतातून बाहेर काढलेला. आतोबा मुलीच्या बापाला म्हणाले, "तीन आठवडे द्या, मी ह्याला रुळवतो." तो म्हणाला, "लग्न आज आहे. आणि आवाज गिरणीच्या भोंग्याच्या वर गेला पाहिजे." लोकांनी भरीस घातलं, आतोबांचं मन डळमळलं, त्यांनी मशीनचं बटन शेवटपर्यंत फिरवलं. तेवढ्यात बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने क्लॅरिनेटचं तोंड थेट माइकला लावून सगळा जीव ओतला. फर्र असा आवाज झाला आणि कर्ण्यातला कागदाचा पडदा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटला. त्यापुढची सगळी मंगलाष्टकं कुणी तरी कढई खरवडत असल्यासारखी ऐकू आली. तेव्हापासून पेठेत आतोबांना 'फाटका कर्णा' हे नाव पडलं.

माझे वडील एका गिरणीत हेडक्लार्क होते. आपल्या बहिणीच्या संसाराची काळजी आपल्याशिवाय कुणालाच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी आतोबांना समोर बसवून सांगितलं, "आणखी एक कर्णा आणायचा तर आणा. पण तो फाटला, की दुसऱ्या दिवशी आमच्या गिरणीत हजेरी घ्यायला यायचं. मागखात्यात जागा आहे, मी धरून ठेवतो." आतोबा एरवी कशाला डगमगत नसत, पण ह्याला मात्र ते मनापासून घाबरले. मागखात्यात यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाने कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही, आणि आतोबा तर सगळे कानांवर जगणारे. ग्रामोफोनची सुई झिजलीय हे त्यांना रस्त्यावरून कळायचं.

दुसरा कर्णा रेल्वेने आला. कुर्डुवाडीच्या पुढे गाडीने त्याला जे धक्के दिले असतील त्यांबद्दल आतोबांनी स्टेशनमास्तरांना जाब विचारला आणि टांग्यातून तो मांडीवर घेऊन घरी आणला. मग त्यांनी भिंतीवर एकवीस दिवसांचा तक्ता लावला. पहिला आठवडा कुजबूज, दुसरा आठवडा साधं बोलणं, तिसरा आठवडा गाणं. सकाळी तास, दुपारी चारला तास, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा तास विश्रांती. "नवा कागद ताठ असतो," ते मला समजावून सांगत, "त्याच्या कडा आखडलेल्या असतात. हळूहळू हलवल्या की सैल होतात. मागे तारेची गुंडाळी असते, ती तापली की संपलं." म्हणून दर दहा मिनिटांनी ते कर्ण्याच्या पाठीला हात उलटा लावून ताप बघायचे आणि नाक खुपसून वास घ्यायचे. मी विचारलं, ग्रामोफोनची तबकडी लावून बटन कमी ठेवलं तर? आतोबांना माझी कीव आली. "गवई तबकडीत शिरला तो खड्या आवाजातच शिरला ना? त्याचा कान पिळून त्याला गप्प बसवलं म्हणून तो हळू गायला असं होत नाही. मला मुळातच हळू बोलणारा माणूस पाहिजे."

आणि इथेच सगळं अडलं. सोलापुरात हळू बोलणारा माणूस! आमच्या पेठेत घरोघर हातमाग. दिवसभर खटक्यांचा आवाज, त्यामुळे मुलं बोलायला शिकतात तीच ओरडून. शेजारचे एक तेलुगू विणकर साऱ्या पेठेत मवाळ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांना माइकसमोर बसवलं तर ते दोन मिनिटं लाजले आणि मग "नमस्कार!" असं म्हणाले की ओसरीवरची मांजर परत दोन दिवस दिसली नाही. माइक हा आवाज लांब पोचवण्यासाठी असतो, तेव्हा आपणही लांबच्या माणसाला हाक मारतो तसं बोलायला हवं, अशी जो तो समजूत करून यायचा. मी स्वतः तेव्हा कचेरीत उमेदवारी करत होतो. मी बोलून दाखवलं. आतोबांनी मान हलवली. "तुझा आवाज हळू नाही, लबाड आहे. दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तू बोलतोस." सांगोल्याकडची एक धनगरीण दर आठवड्याला लोणी घेऊन यायची. ती बोलायला गोड, म्हणून तिलाही बसवलं.

"मावशी, अगदी हळू बोला हं," आतोबा म्हणाले.

"व्हय की. हळूच बोलत्ये न्हवं मी!" तिने मेंढरं वळवायच्या आवाजात सांगितलं, आणि दुसऱ्या खोलीतून आपलेच शब्द परत आलेले ऐकून ती ताडकन उठली. "आरं द्येवा! कोन हाय तितं? लई वंगाळ ध्यान हाय, माजंच बोलनं मलाच परत सांगतंय!" आतोबा तिकडे धावत जाऊन कर्ण्यावर पालथे पडले होते. त्यांनी पडदा बोटांनी चाचपला, शाबूत होता, आणि मग त्यांनी तिचं सगळं लोणी विकत घेऊन तिला वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी ते डोकं धरून बसले असताना आत्या पुढ्यात येऊन काहीतरी म्हणाली. आतोबा सवयीने "हं" म्हणाले. आणि मग एकदम त्यांनी वर पाहिलं. अठरा वर्षं आत्या बोलत होती आणि ते "हं" म्हणत होते, कारण आत्याचं बोलणं कुणाला कधी ऐकूच येत नसे. इतका हळू आवाज साऱ्या सोलापुरात नव्हता, आणि तो घरातच होता!

कर्णा आणि माइक एका खोलीत ठेवले की यंत्र शिट्टी मारतं, म्हणून कर्णा बाहेरच्या खोलीत आणि माइक स्वयंपाकघरात चुलीपासून जरा लांब, असा बेत ठरला. दार बंद. आत्याने विचारलं, "मी काय बोलू?" आतोबा म्हणाले, "काहीही. मला फक्त कागदाची खरखर ऐकायची आहे." पहिल्या दिवशी ती जे करत होती तेच सांगत राहिली. आता शेंगा भाजते. आता त्या पाखडते. आता चटणी कुटायला घेते, मग बोलता यायचं नाही. आतोबा कर्ण्याला कान लावून डोळे मिटून बसलेले. खरखर ऐकायची म्हणजे शब्दन् शब्द ऐकणं आलंच, त्याला त्यांचा इलाज नव्हता. तिसऱ्या दिवशी कर्णा म्हणाला, "ही खिडकीची फळी लग्नाच्या पहिल्या वर्षी निघाली. मी सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात." आतोबांनी विश्रांतीच्या अर्ध्या तासात ती फळी ठोकली. चौथ्या दिवशी लंगड्या पाटाला पाय बसला. मग फडताळाची कडी, मग मोरीचा दगड. आठवड्याभरात घर इतकं नीटनेटकं झालं की आतोबा जागा विकणार असल्याची बातमी पेठेत पसरली.

पुढे आत्याला बोलण्याची गोडी लागली. ती अकलूजच्या आपल्या मैत्रिणीविषयी सांगायची, माझे आजोबा कसे रागवायचे ते सांगायची, मध्येच ओवी म्हणायची. आतोबांच्या तक्त्यात शेजारी नोंदी असत: "ताप नाही. वास नाही. खरखर नाही." दहाव्या दिवसाच्या नोंदीखाली मी स्वतः वाचलं होतं: "हिला कारलं आवडत नाही."

सतराव्या दिवशी घोटाळा झाला. सोलापूरची मोठी गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. माझे वडील एका नाटक कंपनीच्या मॅनेजरला घेऊन आतोबांकडे आले. मीही बरोबर होतो. मॅनेजरांचा स्वतःचा घसा बसलेला, त्यामुळे ते घोगऱ्या आवाजात खरखरत होते. त्यांना कर्णा दुसऱ्याच दिवशी हवा होता, पूर्ण जत्राभर. त्यांच्या नाटकातल्या राजाचा आवाज मागच्या रांगेत पोचत नव्हता. आतोबा म्हणाले, "चार दिवस थांबा." मॅनेजर म्हणाले, "मग मी दुसरीकडे बघतो." वडिलांचा पारा चढला. "अहो, गिऱ्हाईक दारातून परत गेलं तर तो कर्णा फाटल्यासारखाच! देऊन टाका उद्या, नाही तर सोमवारी गिरणीत या. माझ्या बहिणीने किती दिवस हा खेळ बघायचा?"

आतोबांचा चेहरा उतरला. कच्चा कर्णा द्यावा तर तो राजा ओरडून फाडणार, म्हणजे गिरणी. न द्यावा तरी गिरणी. ते नुसते कर्ण्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि तेवढ्यात चार वाजले; आत्याच्या तासाची वेळ, आणि मशीन आतोबांनी आधीच चालू करून ठेवलेलं.

"दादा आलाय ना?" कर्णा म्हणाला. आम्ही तिघेही दचकलो. "तू गिरणीचं बोललास ते ऐकलं मी. तुझा आवाज लहानपणापासूनच भिंतीपलीकडे जातो. माझा जात नाही, म्हणून ह्या डब्यातून सांगते. उठू नकोस. माझ्या सुखासाठी तू त्यांना नोकरीला लावतोयस, पण मला कुणी विचारलंच नाही. ह्या सतरा दिवसांत त्यांनी माझं जेवढं ऐकलं तेवढं अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिथे त्या मागांत त्यांचे कान जातील. मग मी बोलू कुणाशी?" भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ ऐकू आला. "आणि चार दिवस थांबायला त्या नाटकवाल्यांचं काय जातं? ओरडण्यापलीकडे त्यांना येतं काय? दादा, तुला साखर किती घालू?"

माझे वडील गिरणीत शंभर माणसांना दरडावणारे. त्यांनी खाली बघत अगदी हळू "दोन चमचे" असं म्हटलं, आणि ते अर्थातच आत पोचलं नाही. मॅनेजर मात्र उठून खोलीच्या पार टोकाला गेले, तिथे कान देऊन उभे राहिले, परत आले. "बाई आत केवढ्याने बोलताहेत?" त्यांनी विचारलं. आतोबांनी यंत्र बंद केलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत्या अजून बोलतच होती. ओठ हलताना दिसत होते, दारापर्यंत एक अक्षर येत नव्हतं. मॅनेजरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे आमच्या राजाला ओरडायचं कारणच नाही म्हणा की! एकविसाव्या दिवशी घेऊन या. तोवर मी त्याला गप्प बसवतो."

जत्रेत कर्णा शेवटच्या खेळापर्यंत टिकला. राजा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा दाद दिली. वडिलांनी गिरणीचा विषय पुन्हा काढला नाही. मागखात्यातल्या त्या जागेवर दुसराच कुणी लागला.

आता आतोबा नाहीत, आत्याही नाही. आठवण येते तेव्हा मला जत्रेनंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार दिसते. मी काही कामाने त्यांच्याकडे गेलो होतो. कर्णा, मशीन, माइक, सगळं सामान अकलूजला एका लग्नात गेलेलं होतं, बाहेरच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतोबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते, आत्यापासून हातभर अंतरावर. ती ज्वारी निवडत कुणाच्या तरी बारशाची हकिकत सांगत होती. मीही खाली बसलो. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. आतोबांना सगळं ऐकू येत होतं.