शेजारणीच्या पडद्यावरचं दुसरं घड्याळ

समोरच्या फ्लॅटमधल्या माझ्या मैत्रिणीने संगणकावर त्याच्या मूळ प्रणालीची, अजून बाजारात न आलेली चाचणी आवृत्ती टाकून घेतली आहे. फरक तसे किरकोळच. मेनू आखूड झालाय आणि कोपऱ्यात दुसरं घड्याळ आलंय. मुलांनो, तिची लेक तिकडे परदेशात तुमच्याच शहरात असते, म्हणून त्यात तिने तिथली वेळ लावली आहे.

काल दारातूनच म्हणाली, "काय गं, अजून फोन नाही केलास? तुझी नातवंडं कधीची उठली."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. तिथले किती वाजले, ही माझी मनातली वजाबाकी अजून चालूच होती.

तुमची सकाळ तिने मला सांगावी, हे फार झोंबलं. त्या आवृत्तीने संगणक मध्येच अडकतो, कधी आतलं सगळं पुसलंही जातं म्हणे. तरी आज मीही ती टाकून घेतली. तुमचे फोटो आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवलेत.