सासूबाईंचा रोच

मार्चच्या सुरुवातीला, दारासमोरच्या पायरीवर साठलेल्या बर्फावरून पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. मी डब्लिनच्या बाजूला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि आम्ही राहतो तासाभराच्या अंतरावर मलिंगारला, कारण नवरा तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. प्लास्टर घातल्यावर गाडी चालवणं बंद, म्हणजे नोकरीही बंद. नवऱ्याच्या ड्युट्या चालूच. त्याने मला न विचारता आईला फोन केला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या.

आमचं वाकडं काहीच नव्हतं. पण ओळखही फारशी नव्हती. लग्नानंतर आम्ही दोघी सलग आठवडाभर कधी एका घरात राहिलो नव्हतो. त्या दुपारपर्यंत सगळं काम उरकायच्या, मग खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्याकडे बघत बसायच्या. मी काही विचारलं तर एका वाक्यात उत्तर. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायच्या. एवढंच काय ते मला त्यांच्याबद्दल नेमकं ठाऊक होतं.

प्लास्टर निघालं तरी हातात जोर नव्हता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी सासूबाईंना घेऊन घरामागच्या कालव्यावर जायला लागले. तिथे दोन घरं सोडून राहणारी आमची शेजारीण मासे धरत बसलेली असे. सत्तरी ओलांडलेली, एकटी. निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायची. हिरवी छत्री, बसायला पेटी, आणि पायाशी पांढऱ्या अळ्यांचा डबा. या अळ्यांना इथे मॅगट म्हणतात आणि त्या दुकानात विकत मिळतात, हे सासूबाईंना बराच वेळ खरं वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी त्या तिच्यामागे थांबल्या आणि गळाच्या दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटकडे टक लावून बघायला लागल्या.

“बाई लई वर सोडतीया,” त्या हळूच म्हणाल्या. “मोठं मासं तळाला असत्यात.”

मी चकित झाले. “आई, तुम्हाला यातलं कळतं?”

“कळतंय थोडं.”

शेजारणीने वळून विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. ती मोठ्याने हसली. “बरोबर बोलतेय ती. पण खाली सोडलं की तासन्‌तास काही लागत नाही. मला आपली हालचाल हवी असते.” तेवढ्यात फ्लोट बुडाला आणि तिने बोटभर लांबीचा मासा वर काढला. चांदीसारखा अंगाचा, लाल डोळ्यांचा, पोटाखालचे पंखही लाल. हा रोच. तिने ओल्या हाताने गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात टाकला. मग रॉड सासूबाईंपुढे धरला. त्यांनी झटकन हात मागे घेतले.

“नको. आमच्यात चालत न्हाई.” आणि मग मला, “सोडला का तिनं?”

“इथे बहुतेकजण सोडूनच देतात. ती तर सगळेच सोडते.”

“खायाचा न्हाई? मारायचा बी न्हाई?”

“नाही.”

संध्याकाळी कणीक मळता मळता सासूबाई एकदम बोलायला लागल्या. वारणेकाठी त्यांचं माहेर. तीन थोरले भाऊ गळ टाकायला जायचे आणि ही धाकटी त्यांच्यामागे. भाऊ म्हणायचे, हिच्या हाताला मासा येतोय. तिघांना काही मिळालं नाही तरी हिच्या गळाला सापासारखी लांब वाम लागायची. मग लग्न झालं ते माळकऱ्यांच्या घरात. तिथे अंडंसुद्धा शिजत नसे.

“कुणी बंदी केली असं न्हाई,” त्या म्हणाल्या. “कुणी इचारलंच न्हाई. मीबी सांगितलं न्हाई.”

“बाबांनाही नाही?”

“त्यांना एकदा सांगितलं हुतं. हसलं. म्हणलं, आमच्या आईला कळू देऊ नकोस.” सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. कणकेचा गोळा त्यांनी उगाचच पुन्हा दाबला. “मारायचं नसंल तर काय पाप लागतंय का गं?”

मी म्हटलं, “गळ टोचतो त्याला, आई. तेवढं खरं.”

“व्हय. टोचतंय.” त्यांनी कणकेवर ओलं फडकं टाकलं. “पण त्यो जातोय परत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर स्वयंपाकघरातली प्रेस उघडी, म्हणजे आपलं कपाट; इथे राहून मीही प्रेसच म्हणायला लागले आहे. ओट्यावर कणीक, गूळ, हिंगाची डबी आणि माझ्या औषधाच्या पेटीतला कापूस. त्या सगळं एकत्र मळत होत्या. कापसामुळे आमिषाची गोळी पाण्यात सुटत नाही, गळाला धरून राहते, असं भावांनी शिकवलेलं.

कालव्यावर शेजारणीने गोळी नाकाशी नेली आणि हिंगाच्या वासाने तिचे डोळेच विस्फारले. मग गोळी चुरून तिने आतला धागा काढला आणि मान हलवली. “तिला सांग, कापूस नको. मासा गिळेल आणि तो त्याच्या पोटात बसेल. आपण त्यांना धडधाकट परत सोडतो.”

मी भाषांतर करताना जरा घाबरतच होते. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या गोळ्यांतून कापूस वेचून काढायला बसल्या. “बरोबर हाय तिचं. आम्ही खात हुतो म्हणून चालत हुतं.”

त्या दिवशी त्यांनी रॉड हातात घेतला. पदर खोचला, त्यावर माझं जाडजूड जाकीट, आणि बसल्या पेटीवर. कापसाविना गोळ्या मऊ झाल्या होत्या. चिल्लीपिल्ली मासळी त्या क्षणात कुरतडून टाकायची. गांडूळ लावलं तर रोचऐवजी पट्ट्यापट्ट्यांचे पर्च यायचे. मॅगट लावले की बोटभर रोच रांगेने हजर.

मग शेजारणीने आपल्या मनातलं सांगितलं. पुलाच्या अलीकडे, पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्याशी मोठे रोच आहेत. संध्याकाळी पाण्याबाहेर पाठ काढून वळताना तिने पाहिले आहेत. दोन पौंडांचा, म्हणजे किलोला थोडाच कमी, रोच एकदा तरी धरावा, ही तिची कितीतरी वर्षांची इच्छा. एकदा एक लागला होता, पण जाळीत घेता घेता सुटला. “मोठ्याला मोठा घास लागतो,” ती म्हणाली. “पाव किंवा मका. छोट्यांच्या तोंडात मावणार नाही असा. आणि मग वाट बघायची. तेच माझ्याच्याने होत नाही.”

“आधी जेवायला घालायचं,” सासूबाई म्हणाल्या. “आठ दिस गळ टाकायचाच न्हाई. रोज त्याच जागी, त्याच येळंला खायला टाकायचं. त्यास्नी सवय लागू दे.”

शेजारणीला ही पद्धत माहीत होती. पण नुसतं खायला टाकून घरी जायचं, हे एकटीने कोण करणार? आता तिघी होतो, म्हणून ठरलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पावाचे तुकडे टाकले आणि हंसांची जोडी येऊन सगळे खाऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पाव भिजवून, पिळून, चुरून न्यायला लागल्या. त्याचे लाडू टाकले की थेट तळाला जायचे आणि हंसांना पत्ता लागायचा नाही. पाऊस असो नसो, जेवणाआधी आम्ही कालव्यावर. मी थर्मास धरायची, शेजारीण गप्पा मारायची, सासूबाई लाडू टाकायच्या. काठावरची काटेरी झुडपं तेव्हा पांढऱ्या फुलांनी भरलेली होती.

त्या जाण्यायेण्यात आम्ही बोलायला लागलो. एकदा त्यांनी विचारलं, “तू त्या कारखान्यात नेमकं करतीस काय?” इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं, गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळते ते आम्ही पाण्यात टाकून तपासतो.

त्या थांबल्या. “मग आमच्या गोळ्या बी तपास की.”

दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने ओट्यावर काचेचे ग्लास मांडले. प्रत्येकात गार पाणी आणि दोऱ्याला टांगलेला एकेक गळ. गूळ घातलेली कणीक बघता बघता विरघळून पाणी गढूळ झालं. सोडा घालून भाजलेला इथला तपकिरी पाव तर गळाला लागेचना. साध्या कणकेची घट्ट गोळी टिकली, पण दगडासारखी तळाशी पडून राहिली. ताज्या पांढऱ्या पावाचा मधला मऊ गर घेऊन, त्याचं एक टोक गळाच्या दांडीवर दाबून बसवलं आणि बाकीचा तसाच मोकळा ठेवला, तर तो फुलला, हळूहळू खाली गेला आणि बराच वेळ सुटला नाही. मक्याचा दाणा सगळ्यात पक्का. पण शेजारणीच्या मते पाणी अजून गार होतं, मका उन्हाळ्यात चालतो. पाव ठरला.

नवरा रात्रपाळी करून आला आणि ग्लासांकडे बघत राहिला. “हे काय आहे?”

“प्रयोग,” सासूबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं माझा. त्याने ज्या ग्लासात काही नव्हतं तो उचलला, पाणी प्यायला आणि झोपायला गेला.

आठवडा झाला. शेजारणीने गळ टाकायची नवी पद्धत दाखवली. शिशाचा छोटा मणी गळाच्या जवळच लावायचा, तो तळाला टेकतो. मासा घास उचलतो तेव्हा मणीही उचलला जातो, आणि मग फ्लोट बुडत नाही, उलट वर येऊन आडवा पडतो. सासूबाईंना हे पटायला जड गेलं. त्यांच्या हाताला बुडालं की ओढायची सवय. पहिल्या संध्याकाळी फ्लोट वर आला, आडवा पडला, शेजारीण इंग्रजीत ओरडली, मी मराठीत “ओढा!” म्हणून ओरडले, आणि सासूबाई शांतपणे तो बुडायची वाट बघत राहिल्या. गळ रिकामा आला.

“दोघी एकदम बोंबलताय, मला काय कळणार?” त्या म्हणाल्या, आणि तिघी इतक्या हसलो की त्या संध्याकाळी पुढे काही लागणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठा मासा लागला. मी जवळजवळ नाचलेच. पण शेजारणीने तो जाळीत उलटासुलटा केला, शेपटीजवळचा लांब पंख निरखला आणि सुस्कारा टाकला. रोच आणि ब्रीम या दोन जातींच्या संकराचा निघाला. असे इथे भरपूर आहेत.

“काय म्हणतीया?”

“आई, हा अर्धाच रोच आहे म्हणते.”

“अर्धा तर अर्धा! केवढा हाय बघ!” त्यांचे डोळे असे चमकताना मी पहिल्यांदाच बघितले. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तो स्वतःहून निघून जाईपर्यंत.

खरा रोच आला तो त्यानंतरच्या एका संध्याकाळी. वारा पडला होता. शेजारणीने त्या दिवशी मुद्दाम एकच रॉड आणला होता, सासूबाईंसाठी. नवरा ड्युटी संपवून घरी गेला, घरात कोणी नाही म्हणून आम्हाला शोधत कालव्यावर आला. पुलावरून उतरून तो आमच्यामागे उभा राहिला. समोर आई, जाकिटातून नऊवारीचा काठ दिसतोय, हातात रॉड.

“आई?”

“गप. हालू नकोस.”

फ्लोट थरथरला, वर आला, आडवा पडला. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून उभ्या. सासूबाईंनी मनगट नुसतं वळवलं आणि रॉड वाकला. त्यांनी घाई केली नाही. मासा लव्हाळ्याकडे ओढायला लागला की त्या दोरा द्यायच्या, थांबला की घ्यायच्या. तोंडाने हळू काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक भावांपैकी कुणाशी तरी. शेवटी शेजारणीने माझ्या नवऱ्याच्या हातात जाळी दिली आणि त्याने इस्पितळातल्या चांगल्या बुटांनिशी चिखलात गुडघे टेकून मासा उचलला.

रोचच होता. जाडजूड, खांद्याशी निळसर, पंख कुंकवासारखे. शेजारणीने ओल्या पिशवीत घालून वजन केलं. दोन पौंडांना किंचित कमी. तिने काटा दोनदा पाहिला, मग सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायलाच लागली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “ग्रँड, बाई, ग्रँड.” ‘छान, झकास’ या अर्थाचा हा इथला शब्द त्या तिच्याकडूनच शिकल्या होत्या. मी घाईघाईने सासूबाईंच्या हातातल्या माशाचा एक फोटो काढला आणि मासा पाण्यात गेला.

घरी आल्यावर दारापाशी नवरा म्हणाला, “मला हे काहीच माहीत नव्हतं.”

“तुला कसं असंल?” त्या चपला काढत म्हणाल्या. “तू जलमायच्या आधीच सुटलं हुतं ते.” मग त्याच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडे बघून, “पँट दे, धुतो.”

त्याने पँट दिली नाही. चहा करून आणला, आईसमोर खुर्ची ओढली आणि मामांबद्दल विचारायला लागला. मी वर निघून गेले. जेवणाची वेळ झाली तरी खाली वारणेच्या गोष्टी चालूच होत्या.

जूनच्या शेवटी त्या गावी परतल्या. मला वाटलं, तिथे ही गोष्ट मिटून जाईल. पण पुढच्याच फोनवर त्यांनी सांगितलं की थोरल्या जावेला फोटो दाखवला. या जाऊबाई घरातल्या सगळ्यात कडक, गळ्यात माळ, कांदासुद्धा वर्ज्य.

“मग? काय म्हणाल्या?”

“चष्मा लावून लई येळ बघत बसली,” सासूबाई म्हणाल्या. “मग म्हणली, अगं, एवढा मोठा मासा तुझ्या हातात गप कसा ऱ्हायला?”